तव्याने मोजलेला तलाव

सकाळी सहा वाजता भोपाळच्या रस्त्यावर एखादा साठी उलटलेला गृहस्थ नारिंगी लाइफ जॅकेट घालून स्कूटर चालवताना दिसला, तर लोक त्याला वेडा समजतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही तेच समजले होते. डोक्यावर हेल्मेट, अंगात पट्टे घट्ट आवळलेलं जॅकेट, पायांशी झाकणाची पाणी भरलेली बादली आणि पाठीवरच्या कापडी पिशवीत एक तवा. अयोध्या नगर ते मोठा तलाव, एवढा रस्ता ते असे यायचे. चार दिवस मी गप्प बसले, पाचव्या दिवशी विचारलंच.

"काका, जॅकेट बोटीत बसल्यावर घालायचं असतं ना?"

"बेटा, मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "बोटीत चढताना पाय घसरला तर? अपन घरूनच तयार असलेलं बरं."

पोहता न येणाऱ्या या माणसाने उभा जन्म पाण्यावर काढला होता. मूळचे ग्वाल्हेरचे. तरुणपणी कुणा मामाच्या ओळखीने पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात लागले आणि तिथल्या सर्व्हेच्या बोटीवर तीस वर्षं समुद्राची खोली मोजत राहिले. निवृत्त झाल्यावर कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडे, म्हणजे भोपाळला आले. जिथे समुद्र सोडाच, धड खारा वाराही नाही अशा गावात खोली मोजणाऱ्या माणसाला कोण विचारणार? पण आमच्या साहेबांनी विचारलं. बिट्टन मार्केटजवळ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची सर्व्हे करणारी छोटी कंपनी होती, आणि सरकारी विभागाकडून तलावांची खोली मोजायचं काम आम्हाला नुकतंच मिळालं होतं. काकांना दर वर्षी नव्या कराराने टेक्निशियन म्हणून ठेवलेलं होतं. मी कॉलेजातून ताजी ताजी बाहेर पडलेली इंजिनियर, त्यामुळे कागदावर मी त्यांच्या वर होते. कागदावरच.

खोली मोजायचं यंत्र म्हणजे इको साउंडर. त्याचे दोन भाग. एक पडद्याची पेटी, जी बोटीत आपल्यासमोर असते. दुसरा ट्रान्सड्यूसर, मुठीएवढी गोल वस्तू, जी पाण्यात बुडवलेली असते. हा ट्रान्सड्यूसर खाली आवाज सोडतो, तो तळावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून पेटी खोली सांगते. काका ट्रान्सड्यूसरला 'डबी' म्हणायचे. पेटीवर त्यांचा राग होता. काम सुरू करताना ते पडद्यावर चक्क पंचा टाकून ठेवायचे.

"पडदा कधी खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "त्याला अक्कलच नाही खोटं बोलायची. डबी सांगते ते तो दाखवतो. तोंड पण तीच आणि कान पण तीच. म्हणून आधी डबीची चौकशी, मग पडद्याची."

चौकशी म्हणजे काय, तर डबी घरून आणलेल्या बादलीत बुडवायची आणि पंधरा मिनिटं तिच्याकडे बघत बसायचं. तिच्या तोंडाला हवेचा एकही बुडबुडा चिकटलेला त्यांना चालत नसे. आवाज पाण्यातून धावतो, पण हवेपाशी अडतो, हे मीही पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक वाचून मी कधी बादलीसमोर मांडी घालून बसले नव्हते, एवढाच फरक.

"तलावाकाठी बसून घरचं पाणी कशाला वापरायचं?" मी एकदा विचारलं.

"घरचं पाणी मी गाळलेलं आहे. तलावातलं कोणी गाळलं?"

मी बादलीचं झाकण उघडून दिलं.

त्यांच्याशी साधं बोलणंही सोपं नव्हतं. कुठलंही अंतर सांगितलं की विचारायचे, "कुठून?" मी म्हणायची, साकेत नगर इथून आठ किलोमीटर आहे. "इथून म्हणजे? गेटपासून, की तू बसली आहेस तिथून?" मी चिडायची. पण डबी पाण्याच्या पृष्ठभागाखाली अर्धा मीटर बुडलेली असते आणि ती स्वतःपासून खाली मोजते, वरचा अर्धा मीटर आपण पेटीत आधीच भरून ठेवायचा असतो. हा अर्धा मीटर मी पहिल्याच दिवशी विसरले होते आणि अख्खा तलाव अर्ध्या मीटरने उथळ करून ठेवला होता. त्यानंतर "कुठून?" ऐकलं की मी निमूटपणे उत्तर देऊ लागले.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा वर्ग भरायचा. एकदा त्यांनी डब्यातलं दूध पुढे केलं. वर जाड साय.

"आपल्या डबीत दोन आवाज आहेत, एक बारीक, एक जाडा. बारीक आवाज सायीवरूनच परत येतो. जाडा साय फोडून खाली जातो, भांड्याचा तळ गाठतो. आता सांग, तलावाची खोली कोणती?"

मी म्हटलं, "दोन्ही. मधला फरक म्हणजे गाळ."

त्यांनी साय चमच्याने उचलून माझ्या पोळीवर ठेवली. शाबासकी द्यायची त्यांची हीच तऱ्हा होती, आणि मला तेव्हा खरंच फार बरं वाटलं.

साहेबांशी मात्र त्यांचं पहिल्यापासून बिनसलेलं. साहेब इंदूरचे, माणूस वाईट नव्हे, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. त्यांना डबी बोटीच्या आत, बुडाला चिकटवून हवी होती. बाहेरून काही दिसणार नाही, बोट कशी देखणी दिसेल. काकांनी बोटीच्या बुडावर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "दोन थर आहेत. मध्ये फोम भरलाय तरंगायला. फोम म्हणजे हवा. साहेब, भिंतीआडून गाणं ऐकायचं असेल तर चिकटवा."

मग त्यांनी स्वतःच एक लोखंडी नळ बोटीच्या कडेला, बरोबर मध्यावर उभा बसवला आणि त्याच्या टोकाला डबी लावली. मागे मोटरचा पंखा बुडबुडे काढतो, पुढे लाटांचा फेस असतो, मध्यावर पाणी शांत. दिसायला तो प्रकार भयंकर होता. बोटीला सलाइन लावल्यासारखं दिसायचं. साहेब येता-जाता तोंड वाकडं करायचे, पण आकडे चोख येत होते, त्यामुळे बोलता येत नव्हतं.

आणि तवा. तो त्यांच्या बायकोचा, कडेला दोन भोकं पाडलेला. भोकांत साखळी अडकवलेली, साखळीला दर मीटरवर पितळेचा बिल्ला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तवा डबीच्या बरोबर खाली, पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन मीटरवर सोडायचा. पडद्यावर दोन मीटरवर रेघ उमटली पाहिजे. मग चार, मग सहा. जुळलं तर काम सुरू, नाही तर नाही. बंदरावर याच कामाला भलीमोठी लोखंडी पट्टी असायची म्हणे. दोर का नाही, साखळीच का, असं विचारलं तर म्हणायचे, "दोर ओला झाला की आपला विचार बदलतो."

मला त्या तव्याची लाज वाटायची. खरं सांगायचं तर पुढचं सगळं त्या लाजेतूनच घडलं.

दसऱ्याला काका आठ दिवस ग्वाल्हेरला बहिणीकडे गेले. आमच्या ऑफिसात दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. आपल्याकडे शस्त्रं नाहीत, तेव्हा जी अवजारं भाकरी देतात त्यांना हळद-कुंकू. त्या वर्षी पूजेचा मान माझ्याकडे आला. पेटीला मी हार घातला, मोटरला फूल वाहिलं, आणि मग डबी हातात घेतली. टिळा लावायचा तर तोंडाला, पाठीला कोण लावतं? साहेबांच्या देवाच्या कोनाड्यात शेंदराची वाटी तयारच होती. मी त्यातल्या शेंदराने डबीच्या तोंडावर झोकदार स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसलं. लालीसुद्धा उरली नाही, आणि माझ्या लेखी डबी स्वच्छ झाली.

त्याच दिवशी विभागाच्या इंजिनियर मॅडम आमचं काम तपासायला बोटीत आल्या. कडक इस्त्रीचा कुर्ता, हातात आमचे जुने आकडे, चेहऱ्यावर सुरकुती नाही. त्यांच्यासमोर पोळ्यांचा तवा पाण्यात सोडायचा? मी तो पिशवीतून काढलाच नाही. मॅडमनी आधी मोजलेल्या दोन ओळी पुन्हा मोजायला सांगितल्या. ओळ म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत सरळ बोट नेत खोली नोंदवायची. पहिल्या ओळीत पडदा मध्येच कोरा पडला. मग दोन मीटर दाखवू लागला, जिथे आधी सहा होते. मग पुन्हा कोरा. दुसऱ्या ओळीत तर तलावाचा तळ माकडासारखा उड्या मारत होता.

"इनमें से सही कौन सा है?" मॅडमनी कागद मिटत विचारलं. "पुराना या आज का?"

मी पेटी बंद करून पुन्हा चालू केली, पडदा तसाच. त्या म्हणाल्या, शनिवारी पुन्हा येते, तेव्हाही जुळलं नाही तर सगळा सर्व्हे रद्द.

साहेबांनी ऑफिसात मला समोर बसवलं. "तो नळच हलत असणार. हलतो का?" मला माझी कातडी वाचवायची होती. मी म्हटलं, "हलत असेल." तेवढंच. पण तेवढ्यावर निकाल लागला. नळ काढायचा, डबी बुडाला चिकटवायची आणि काकांचा करार संपवायचा. शुक्रवारी संध्याकाळी काका ग्वाल्हेरहून आले, तेव्हा साहेबांनी त्यांना फोनवरच सांगून टाकलं. काकांनी एवढंच मागितलं की शनिवारी मॅडमसमोर नळ आहे तसा राहू द्या, मला एक सकाळ द्या. मिळाली. त्या एका सकाळीवर त्यांचं काम, त्यांचं नाव आणि आमचा सगळा सर्व्हे टांगलेला होता.

शनिवारी बोटीत आम्ही पाच जण. मॅडम, साहेब, काका, मी आणि बोट चालवणारे रफीकभाई, ज्यांचं सगळं आयुष्य याच तलावावर गेलेलं. काकांनी नळाकडे पाहिलंही नाही. डबी वर घेतली, तोंडावरून अंगठा फिरवला. मग अंगठा नाकाशी नेला. पुन्हा एकदा नेला.

"चमेली," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. मारुतीला लावायचा शेंदूर आमच्या इकडे चमेलीच्या तेलात कालवतात. लाली पुसली गेली होती, तेल तोंडावर तसंच बसलेलं होतं.

"दसऱ्याची पूजा कोणी केली?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मी," मी म्हटलं. "तोंडावर स्वस्तिक काढलं होतं."

"और ये कह रही थी कि पाइप हिलता है," साहेब ताबडतोब मॅडमना म्हणाले. बिचाऱ्यांना आता दोष ठेवायला नवी जागा हवी होती, ती मी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. नळाबद्दल मी असं म्हटल्याचं त्यांना तेव्हाच कळलं. मला वाटलं, बोटीला भोक पडावं आणि आपण खाली जावं.

ते रागावले नाहीत. निदान दाखवलं नाही. मॅडमकडे वळून हिंदीत म्हणाले, "मॅडम, पहले बीमारी दिखाता हूँ, फिर दवा."

तेलकट डबी त्यांनी तशीच पाण्यात सोडली आणि पिशवीतून तवा काढला. मॅडमच्या भुवया वर गेल्या. तवा डबीखाली, चार मीटर खोलीवर गेला. पडद्यावर काही नाही. मग एक पुसट ठिपका, मग तोही गेला. काकांनी डबी हळूच वर घेतली, पाणी निथळण्याआधी मॅडमसमोर धरली. तोंडभर बारीक बुडबुडे, एकमेकांना खेटून बसलेले.

"तेलावर पाणी ठरत नाही, हवा ठरते. आवाज निघतो आणि दारातच अडकतो. पेटी ठीक, नळ ठीक, तलाव ठीक. तोंड बंद आहे."

मग त्यांनी बादलीचं झाकण उघडलं. खिशातून भांडी घासायच्या साबणाची वडी काढली आणि डबीचं तोंड असं मायेने धुतलं, जसं लहान लेकराचं धुतात. दोनदा, तीनदा. मग ती बादलीत बुडवून ठेवली आणि पंधरा मिनिटं तिच्याकडे बघत बसले. साहेब घड्याळ बघत होते. मॅडम मात्र पुढे वाकून बादलीत बघत होत्या.

डबी पाण्यात गेली. काका साखळी घ्यायला गेले तर मॅडमनी हात पुढे केला. "चेन मैं छोड़ूँगी. आप पीठ करके बैठिए, और पढ़िए."

काका मॅडमकडे पाठ करून पडद्यासमोर बसले. मॅडमनी तवा सोडला.

"चार मीटर," काका म्हणाले.

चौथा बिल्ला पाण्याला टेकलेला होता.

मॅडमनी आणखी सोडला. "सहा." सहावा बिल्ला. त्यांनी थोडा वर ओढला, मुद्दामच, दोन बिल्ल्यांच्या अधेमधे.

"पाच मीटर आणि वर एक वीत," काका म्हणाले. "मॅडम, परीक्षा घेताय का?"

मॅडम हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग साहेबांच्या समाधानासाठी रफीकभाईंनी बोट पूर्ण वेगात नेली, वळवली, डोलवली. नळ तसूभर हलला नाही आणि पडद्यावर तळाची रेघ जाड, काळी, न तुटता चालत राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

साहेबांना मात्र काहीतरी बोलणं भाग होतं. "ठीक आहे काका, तुम्ही राहा. पण हिला आता पाण्यावर पाठवायचं नाही. सोमवारपासून दुसरा इंजिनियर बघतो."

काका जागेवरून उठले. पोहता न येणारा माणूस बोटीत उभा राहिला, हे मी एकदाच पाहिलं.

"साहेब, हिने एकदा चमेली लावली. आता जन्मात लावणार नाही. नवीन आणाल तो पुढच्या दसऱ्याला लावेल, मग मी पुन्हा धूत बसू? हिला काढायचं तर माझाही हिशोब आजच करा."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम आमचे जुने कागद उलगडत होत्या. "वो आप लोग बाद में देख लेना," त्या म्हणाल्या. "अभी वो दोनों लाइनें चलाइए. मिल गईं, तो पूरा सर्वे पास. और फिर इनमें से किसी को निकालकर मेरे पास मत आइएगा."

मला रडू येत होतं, आणि मी ते लपवलं नाही. काकांनी जुन्या आकड्यांचा कागद माझ्या हातात दिला. "नाक पूस आणि वाच. तू जुना आकडा वाच, मी नवा. मागच्या वेळेपासून पाणी चार बोटं उतरलंय, ते मी काठावरच्या खुणेवरून आधीच धरलंय."

पहिली ओळ सुरू झाली. काठापासून निघालो.

"दोन दहा," मी वाचलं.

"दोन दहा."

"तीन पंचेचाळीस."

"तीन पंचेचाळीस."

तळ खाली जात होता आणि आमचे आवाज चढत होते. सहाच्या पुढे गेलो, जिथे त्या दिवशी पडदा कोरा पडला होता. काका आकडा सांगायचे, माझ्या कागदावर तो आधीच लिहिलेला असायचा. मॅडम दर आकड्यासमोर पेनाने खूण करत होत्या, नंतर नंतर त्यांची खूण आमच्या आधी होऊ लागली. एका जागी दोन सेंटीमीटरचा फरक आला तर काकांनी बोट मागे घ्यायला लावली, पुन्हा मोजलं, आणि तेवढा तो फरकही गेला. साहेब पुढच्या फळीवर बसले होते, हळूहळू सरकत आमच्याजवळ आले आणि शेवटी माझ्या खांद्यावरून कागदात डोकावून तेच आकडे पुटपुटू लागले. दुसरी ओळ. तीच गत. तळ कुठेही उडी मारत नव्हता, जसा होता तसा शांतपणे आमच्याखालून जात होता, आणि वर आम्ही दोघं एकाच आकड्याला दोनदा नाव देत होतो. दोन महिन्यांचं सगळं काम आकड्याआकड्याने पुन्हा उभं राहत होतं.

पैलतीर अजून लांब होता, तेवढ्यात रफीकभाईंनी मोटर बंद केली. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बस चाचा, अब तो हम सब मान गए."

काकांनी पडद्यावरून नजरसुद्धा काढली नाही.

"मानने की चीज़ नहीं है मियाँ, नापने की है. अभी सत्रह आँकड़े बाकी हैं. चलाओ."

रफीकभाईंनी हसत मोटर सुरू केली, आणि मी पुढचा आकडा वाचला.